पोटातलं पाणी आणि फाइलमधली ओळ

आधी थोडक्यात

बायपासची चीर भरून आली की लोक विचारायचं थांबवतात. काही दिवसांनी आपणही स्वतःला विचारायचं थांबवतो. मी तेच केलं, म्हणून हे लिहिते आहे. ज्यांची बायपास होऊन वर्ष-दोन वर्षं झाली आहेत त्यांनी हे वाचावं. त्यांच्या घरच्यांनी आधी वाचावं.

मी तलासरी तालुक्यात, उधव्याजवळच्या एका पाड्यावर अंगणवाडी सेविका आहे. वय बावन्न. सव्वीस वर्षं दुसऱ्यांच्या मुलांची वजनं लिहिते आहे. एकोणपन्नासाव्या वर्षी माझी बायपास झाली, आणि चांगली झाली. तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. तीन महिन्यांनी मी कामावर होते, सहा महिन्यांनी गृहभेटी पायी करत होते.

अडीच वर्षांनी माझं पोट वाढायला लागलं. सगळ्यांनी त्याला दारूचं पोट म्हटलं. ते दारूचं नव्हतं. हे मान्य व्हायला आठ महिने गेले आणि त्या आठ महिन्यांत जे बिघडलं ते सगळं काही भरून आलेलं नाही. गोष्ट एवढीच आहे. आता क्रमाने सांगते.

परकराची नाडी

पहिल्यांदा कळलं ते परकराच्या नाडीवरून. रोजच्या जागी गाठ बसेना. वाटलं, अंग सुटलं असेल. पण भूक कमी झाली होती, आणि न जेवता अंग सुटत नाही हे मला माहीत आहे. अंगणवाडीत गरोदर बायकांसाठी मोठ्यांचा वजनकाटा असतो. त्यावर दर सोमवारी उभी राहायला लागले आणि वही केली. त्यातल्या काही ओळी तशाच देते.

पहिला आठवडा: ६१ किलो. नाडी दोन बोटं सैल बांधली.
तिसरा: ६३. दोन घासांत पोट भरतं.
सहावा: ६६. पोट आधी वाढलं, पाय आता सुजले. बोट दाबलं की खड्डा राहतो.
आठवा: ६८. शाळेजवळचा चढ तीनदा थांबून.

"पोट आधी, पाय नंतर" हे मी सहज लिहिलं नव्हतं. बाळंतपणाच्या आधी बायकांचे पाय कसे सुजतात ते मी शेकडो वेळा पाहिलं आहे. माझं काहीतरी उलट्या बाजूने चाललं होतं.

त्या महिन्यात माझी मुलगी कल्पना मला विवळवेढ्याला घेऊन गेली. ती कैनाडला दिलेली आहे, तिने तिथल्या महालक्ष्मीला काहीतरी नवस बोलला होता. मी पायऱ्यांशीच बसले. शेजारी फुलं विकणारी बाई होती. तिने माझ्या पोटाकडे पाहिलं, मग तोंडाकडे.

"मावशी, कितवा महिना?"

"बावन्न वर्षं पूर्ण झालीत," मी म्हणाले.

ती हसली नाही. तिने हळूच टोपली दुसऱ्या बाजूला सरकवली. बाळ नाही तर मग काय, हे तिला कळलं होतं. आमच्याकडे ते सगळ्यांनाच कळतं.

वापीचे डॉक्टर

सोनोग्राफीत लिव्हर मोठं आणि पोटात पाणी निघालं. म्हणून आम्ही वापीला लिव्हरच्या डॉक्टरांकडे गेलो. मी आणि माझा नवरा रमण. रमण उंबरगावला कंपनीत आहे, त्याला गुजराती चांगलं येतं, म्हणून बोलायचं काम त्याचं.

डॉक्टरांनी मला एकच प्रश्न विचारला.

"पीती हो?"

"नाही."

"कभी नहीं?"

"बायपास झाल्यापासून कधीच नाही."

इथे खरं सांगते. आमच्या लग्नात दारूचा पहिला थेंब देवांना देतात आणि मग सगळ्यांना. पाहुण्याने ओठाला तरी लावायची, नाहीतर घरच्यांचा अपमान होतो. मीही लावायची. कधी घोट गेलाही असेल. बायपासनंतर तेही बंद केलं आणि दोन घरांची नाराजी घेतली.

डॉक्टरांनी डोळ्यांची पापणी खाली ओढून पाहिली. नर्सने निऱ्या खाली केल्या, त्यांनी पोट ठोकून पाहिलं. पदर खांद्याला पिन लावून होता तो तसाच राहिला. पिशवीतून मी बायपासची जुनी फाइल काढली. "वो बाद में," ते म्हणाले. मग मला बाहेर बसायला सांगून त्यांनी रमणला थांबवून घेतलं. दोन मिनिटांत तो बाहेर आला.

"काय विचारलं?"

"काही नाही. औषध लिहिलंय."

नंतर पाणी काढायला सुरुवात झाली. कुशीत सुई घालून, नळीने, बरणीत. फिकट पिवळं. पहिल्या वेळी पाच लिटर निघालं. पोट हलकं झालं, दोन आठवडे जेवले, मग परत तेच. तिसऱ्या वेळी बरणी उचलणारी मावशी म्हणाली, "तुमच्या साइडची लई येतात आमच्याकडं. सोडून द्यायची ना, ताई."

"मी पीत नाही."

"हां, सगळे तेच बोलतात."

ती वाईट नव्हती. उठताना तिने मला हात दिला. पण त्या हातासाठी "हां, सोडते" म्हणावं असं मला एक क्षण वाटलं, आणि त्याची मला आजही लाज वाटते.

घरी मीठ बंद झालं. मीठ बंद म्हणजे सुकट बंद, बोंबील बंद, लोणचं बंद. रमणनेही माझ्याबरोबर अळणीच खायला सुरुवात केली. मी म्हटलं, तू कशाला? तर म्हणाला, दोन भाज्या कोण करील. भाजी तोच करत होता.

पाड्यावर

अंगणवाडीत आजारपण लपत नाही. तिथे सगळेच एकमेकांना मोजतात. सुजलेलं पोट, सुकलेले हात, पिवळट डोळे. महिनाभरात आया मुलांना दारातच सोडून जायला लागल्या. एका आजीने तर सुनेला माझ्यासमोरच सांगितलं, "बाईच पिऊन बसते, पोरांना काय शिकवणार?" सून म्हणाली, "आत्ये, हळू." तिने "खोटं आहे" म्हटलं नाही. हळू बोलायला सांगितलं.

मुख्यसेविका मॅडम भेटीला आल्या. चांगल्या बाई. त्यांनी रजिस्टरं तपासली, एकही चूक काढली नाही, आणि निघताना म्हणाल्या, "ताई, लोक बोलतात. थोडे दिवस रजा घ्या ना."

"आजारपणाची घेऊ की लोकांची?"

"तुम्ही पण ना," त्या म्हणाल्या आणि गाडीत बसल्या.

इथे एक गोष्ट लिहायलाच हवी. दोन वर्षांपूर्वी आमच्याच पाड्यावरच्या बारकूदादाचं पोट असंच सुजलं होतं. त्याची नात अंगणवाडीत होती. गृहभेटीला गेले तेव्हा तो खाटेवर बसून म्हणाला, "बाई, होळीपासून थेंब नाही घेतला." मी मान डोलावली आणि वहीत लिहिलं: कुटुंबप्रमुखाचे व्यसन सुरू. तो पावसाळ्यात गेला. त्याचं पोट दारूचंच असेल. बहुतेक होतं. पण मी त्याला काही विचारलं नाही, फक्त पोट बघितलं. मला वापीच्या डॉक्टरांचा राग येतो तेव्हा ही वही आठवते, आणि राग कमी होत नाही. फक्त त्याला आणखी एक धनी मिळतो.

लाडकीबाई

लाडकीबाई आमची मदतनीस. माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, शाळा तिसरीपर्यंत. खिचडी ढवळता ढवळता एकदा ती माझ्याकडे बघतच राहिली.

"बाय, तुझ्या मानेत काय उडतं?"

"काय उडतं?"

"हे. दोरीसारखं. श्वास घेतेस नी वर येतं."

आरशात बघितलं. मानेची शीर बसल्या बसल्या फुगलेली होती, कानापर्यंत. वहीत लिहिलं. पुढे काय करायचं ते माहीत नव्हतं.

त्याच महिन्यात मुलांची तपासणी करणारं पथक आलं. त्यातल्या डॉक्टर मॅडम तरुण होत्या. त्यांचं काम मुलांचे दात, डोळे तपासण्याचं, दंड मोजण्याचं. शेवटचं मूल झाल्यावर लाडकीबाईने त्यांना हाताला धरूनच माझ्यासमोर आणलं. "हिची मान बघा आधी. मग चहा."

मॅडमनी मला सरळ बसवलं, दीर्घ श्वास घ्यायला लावला आणि मानेकडे पाहत राहिल्या. मग विचारलं, "हृदयाचं काही ऑपरेशन झालंय?"

मी पदराची पिन काढून चीर दाखवली.

"हे लिव्हरच्या डॉक्टरांना माहीत आहे?"

"फाइल नेली होती. त्यांनी पोट बघितलं."

त्या म्हणाल्या, "मी लहान मुलं तपासते ताई, माझं कोण ऐकणार? पण लिहून देते. पाणी हृदयामुळे साठतंय का, ते बघायला सांगा." एवढं त्यांनी एका कागदावर लिहिलं, सही केली, चहा घेतला आणि पुढच्या पाड्यावर गेल्या. आठ महिन्यांत मला दारू सोडून दुसरं काही विचारणारं ते पहिलं माणूस.

ती ओळ

तो कागद घेऊन आम्ही बायपास झाली त्या हॉस्पिटलात गेलो. माझे मूळ सर्जन सोडून गेले होते. नव्या डॉक्टरांनी एको केला, खूश झाले. "हार्ट एकदम बढिया. पंपिंग फर्स्ट क्लास. बस, अब पीना बंद करो."

मी त्यांच्या हातातून फाइल घेतली. बाहेर बाकावर बसून एकेक कागद वाचला. माझं इंग्रजी हळू आहे, पण आहे. वापीच्या पहिल्या कागदावर ओळ होती: मद्यपान, होय, कधीमधी, पतीने सांगितले. दुसऱ्या कागदावर तीच उतरवलेली. तिसऱ्यावर "कधीमधी" गळलं होतं. चौथ्यावर "अनेक वर्षांपासून" असं नवीन आलं होतं. मी जागच्या जागी होते, आणि कागदावर माझी दारू वाढत गेली होती.

तलासरीला जीपमधून उतरल्यावर रमणला विचारलं.

"तू हो म्हणालास?"

"थोडी म्हणालो. लग्नात घेते म्हणालो."

"तीन वर्षांत मी ओठाला लावलेली पाहिलीस?"

"नाही."

"मग?"

तो रस्त्याकडे बघत होता. "नाही म्हटलं की ते चिडतात. माझ्या थोरल्या भावाच्या वेळी मी नाही म्हणालो होतो. डॉक्टर म्हणाले तुम लोग झूठ बोलते हो, नी फाइल टेबलावर टाकली. दुपारपर्यंत कोणी हात लावला नाही त्याला. हो म्हटलं की शांत होतात. लिहितात नी औषध देतात."

"म्हणजे माझ्यासाठी हो म्हणालास."

"तुझ्यासाठीच तर."

मला सगळ्यात जड गेलं ते हेच. तो काही लपवायला खोटं बोलला असता, तर मी त्याला फाडून खाल्लं असतं. पण तो शिकलेलं वागला होता. आमच्या माणसांना दवाखान्यात जे शिकवलं जातं तेच. आणि तरीही माझ्या पोटात सुया त्याच्या त्या एका शब्दावर गेल्या होत्या. मी नऊ दिवस त्याच्याशी बोलले नाही. तो नऊ दिवस अळणी जेवला.

मुंबई

कल्पनाने सासरी काय सांगितलं माहीत नाही, पण तिने मुलं जावेकडे ठेवली आणि मला मुंबईच्या एका मोठ्या हॉस्पिटलात नेलं. तिथले डॉक्टर वयस्कर होते. मी फाइल दिली नाही. वही दिली. त्यांनी ती पहिल्या पानापासून वाचली. माझ्या अक्षराकडे इतका वेळ कोणी बघितलेलं मला आठवत नाही.

"पोट आधी, पाय नंतर. हे तुम्ही लिहिलंत?"

"हो."

"दारू घेता?"

"नाही."

"बरं," ते म्हणाले, आणि पुढच्या पानावर गेले. त्या "बरं"ला मी आजही लहान मानत नाही.

तपासण्यांना आठवडा गेला; त्यासाठी जुनी फाइलही द्यावी लागली. मग त्यांनी समजावलं. हृदयाभोवती एक पातळ आवरण असतं. बायपासनंतर क्वचित, फारच क्वचित, ते महिन्यांनी किंवा वर्षांनी जाड आणि कडक होत जातं आणि हृदयाला आवळतं. हृदय चांगलं असतं, पण त्याला भरायला जागा उरत नाही. रक्त मागे तुंबतं, लिव्हरमध्ये, पोटात, पायांत. ते आवरण सोलून काढायचं, हाच उपाय. म्हणजे तीच छाती, त्याच चिरेवरून, परत.

मला आधी आनंद झाला. दारूचं नव्हतं. छाती परत कापणार आहेत हे ऐकून बाईला आनंद व्हावा, इथपर्यंत मला आणून सोडलं होतं. भीती नंतर आली, जेव्हा ते म्हणाले, "लिव्हरला आता मात्र खरंच इजा झाली आहे. थोडं लवकर आला असतात तर…" वाक्य त्यांनी अर्धंच सोडलं. मी ते बरेच दिवस पुरं करत बसले.

वॉर्डातलं जगणं मापाचं असतं. सकाळी वजन, मग लघवीचं माप, दिवसभराचं पाणी बाटलीवर खूण करून. एका सिस्टरने माझा तक्ता मलाच भरायला दिला. "तुमचं अक्षर आमच्यापेक्षा बरंय." तेवढ्याने दिवस सरायचा. ऑपरेशनच्या आदल्या दुपारी मी कल्पनासाठी यादी केली: कोठीची किल्ली कुठे, कोणत्या दोन मुलांचं वजन घसरतंय, रजिस्टरं कोणाला द्यायची, माझी नवी साडी कोणाला. रमणसाठी काही सुचेना. शेवटी लिहिलं, "मीठ खात जा."

कल्पनाने ती वाचून घडी घातली. "आई, बाबांना हे तूच सांग. मी निरोप्या नाही."

ऑपरेशन लांबलं. सगळं आवरण निघालं नाही. बायपासच्या शिरा जिथे त्याला चिकटल्या होत्या, तिथे हात लावणं धोक्याचं होतं, म्हणून तेवढं ठेवलं. तरी महिन्याभरात मी अडुसष्टवरून चोपन्नवर आले. मानेतली दोरी खाली बसली. गोळ्या मात्र कायमच्या आहेत, आणि लिव्हरची तपासणी दर तीन महिन्यांनी.

तुमच्यासाठी

बायपासनंतर किती वर्षं गेली हे मनातून काढू नका. पोट, पाय, दम, वजन, जे बदलेल ते कोणत्या क्रमाने बदललं ते लिहा. सरळ बसून मानेची शीर कोणाला तरी बघायला सांगा. तुमच्याबद्दल डॉक्टर घरच्यांना काय विचारतात, ते घरच्यांकडून त्याच दिवशी काढून घ्या. आणि प्रत्येक कागद हातात पडताच वाचा. वाचता येत नसेल तर वाचणारं माणूस बरोबर न्या. डॉक्टर रागावतील म्हणून त्यांना आवडेल ते उत्तर देऊ नका. पीत असाल तर तेही खरं सांगा. मी हे सगळं उशिरा केलं.

घरी सोडलं त्या दिवशी

कागद द्यायला वॉर्डातला तरुण डॉक्टर आला. मी उभी राहून वाचायला लागले. पहिल्याच पानावर खाली: अनेक वर्षांपासून मद्यपान.

"हे काढा," मी म्हणाले.

"ते जुन्या रेकॉर्डवरून आलंय, काकू. आता काय फरक पडतो? तुम्ही बऱ्या झालात."

"पुढच्या डॉक्टरला पडेल. तो हेच आधी वाचेल."

"पेशंट म्हणतो म्हणून मला बदलता येत नाही. सगळेच म्हणतील."

मी कॉटवर बसले. कल्पनाने पिशव्या खाली ठेवल्या. गाडीवाल्याचा फोन दोनदा वाजला. डॉक्टर घड्याळाकडे बघत होता. मी न्यायला आलेल्या रमणकडे बघितलं नाही. ठरवून बघितलं नाही.

तो बराच वेळ चपलेने फरशी घासत होता. मग म्हणाला, "साहेब, ते मी सांगितलेलं. खोटं होतं. ती पीत नाही."

"का सांगितलंत मग?"

डॉक्टरने वाट पाहिली, मग खिशातून पेन काढलं, ओळीवर रेघ मारली, बाजूला काही लिहिलं, सही केली आणि पुढच्या कॉटकडे गेला.

हायवेला लागल्यावर मी तो कागद परत काढला. हाताने लिहिलेलं होतं: मद्यपान नाही, पतीने सांगितल्यानुसार.